आईबाबा, न्यूर्नबर्गचा ख्रिसमस बाजार आणि न ओळखलेला एक मसाला

आम्ही म्युनिकला राहून आता सहा वर्षं झाली आणि दर डिसेंबरला कुठला ना कुठला ख्रिसमस मार्केट होतोच, पण खरं सांगायचं तर मी आजवर एकही बाजार नीट बघितलेला नव्हता. संध्याकाळी ऑफिसच्या लोकांबरोबर जायचं, गर्दीत एका टेबलाभोवती उभं राहायचं, ग्लूवाईन म्हणजे मसाले घातलेली गरम वाईन प्यायची, फोटो काढायचे की झालं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये आईबाबा सांगलीहून आले आणि त्यांना घेऊन न्यूर्नबर्गला गेलो तेव्हा पहिल्यांदा तो बाजार मला दिसला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतीये. ज्यांना आपल्या घरच्या मोठ्या माणसांना, त्यातून शाकाहारी माणसांना घेऊन जायचंय त्यांना उपयोग होईल.

आधी व्हिसाबद्दल थोडक्यात. मी इथून हमीपत्र काढलं, जर्मनमधे त्याला फरप्फ्लिश्टुंग्सएअरक्लेरुंग म्हणतात, म्हणजे पाहुण्यांचा खर्च मी करणार असं सरकारी ऑफिसमधे जाऊन सही करून द्यायचं, पगाराच्या स्लिपा दाखवायच्या. त्याची अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ लागतो म्हणून ऑगस्टपासून मागे लागा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, व्हिसाची फी माणशी ९० युरो. आईबाबांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागलं, आईचे ठसे मशीनवर उमटेनात, आयुष्यभर भांडी आणि धुणं करून बोटं गुळगुळीत झालेली, तीनचार वेळा पुसून पुसून घेतले तेव्हा आले. ती फोनवर हे सांगत होती तेव्हा मला इकडे कसंतरीच झालं.

बरं, न्यूर्नबर्गच का, म्युनिकमधे घराजवळ बाजार असताना. तर बाबांमुळे. बाबांचं सांगलीला गणपती पेठेत चाळीस वर्षं किराणा-भुसारचं दुकान होतं, आता बंद केलंय. त्यांना मी फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं की एक गाव आहे जिथे मसाल्याचे गोड केक करतात आणि तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांना लोक मिरीची पोती म्हणायचे, फेफरझेकऽ. झालं, तेव्हापासून त्यांचं एकच, ते मिरीच्या पोत्यांचं गाव दाखव.

आम्ही ११ डिसेंबर, बुधवारी निघालो आणि गुरुवारी परत. आईचे मार्गशीर्षातले गुरुवार चालू होते, त्यामुळे तिची एकच अट होती की गुरुवारी रात्री घरी पोचून पूजा मांडायची, बाकी तुम्ही म्हणाल तिकडे येते. मी, नवरा, चार वर्षांची लेक आणि आईबाबा. बायर्न तिकीट काढलं, बायर्न म्हणजे आमचं बव्हेरिया राज्य, पाच जणांपर्यंत एकाच तिकिटावर बायर्नमधल्या लोकल आणि रीजनल गाड्यांनी दिवसभर फिरता येतं, फक्त आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ नंतरच चालतं. जलद गाडी तासाभरात पोचते, ही पावणेदोन तासांच्या आसपास घेते, पण मोठ्या माणसांना खिडकीतून बघायला हीच बरी. त्या दिवशी गाडी उशिरा सुटली आणि आणखी कुठे कुठे थांबत गेली, त्यामुळे दुपारी बाराचं घड्याळ बघायचं ठरवलं होतं ते चुकलं. ते पुढे सांगते.

कपड्यांचं मात्र नीट ऐका, कारण बाजाराचं अर्धं सुख पायावर अवलंबून आहे. अंगावर जाड जॅकेट असतंच सगळ्यांच्या, पण बाजार म्हणजे उभं राहणं, आणि खाली दगडी फरशी, थंडी खालून वर चढते. आईला मी साडीच्या आत थर्मल आणि त्यावर लोकरीचे मोजे घातले, सुती मोजे अजिबात नकोत, घाम आला की ओले होतात आणि मग पाय बर्फ. बूट एक नंबर मोठे घेतले म्हणजे जाड मोजा आत मावतो. बाबांना माकडटोपी आणलेलीच होती. तापमान शून्याच्या आसपास होतं आणि दोघांनी दोन दिवसांत एकदाही थंडीची तक्रार केली नाही.

हॉटेल स्टेशनजवळच घेतलं होतं. दुपारी तिथे सामान टाकून चार वाजता निघालो, तेव्हाच अंधारायला लागलं होतं. डिसेंबरमधे सव्वाचारला सूर्य मावळतो इथे. बाबा म्हणाले चारलाच दिवेलागण, मग माणसं करतात काय संध्याकाळभर. आणि खरंच, त्याचंच उत्तर समोर होतं. केनिगस्ट्रासेनं सरळ चालत गेलं की लोरेन्झ चर्च लागतं, मग पूल ओलांडायचा, खाली पेग्निट्झ नदी, आणि पुढे चौक, हाउप्टमार्क्ट. आमच्या चालीनं अर्धा तास लागला. रस्त्याच्या तोंडाशी सिमेंटचे मोठे ठोकळे लावलेले असतात, २०१६ ला बर्लिनच्या बाजारात ट्रक घुसवला होता त्यानंतर सगळीकडे असा बंदोबस्त असतो, बाबांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं.

पण पहिली संध्याकाळ आमची फसली. गर्दी इतकी की आई माझा हात सोडेना, लेक नवऱ्याच्या खांद्यावर, पुढून ढकल मागून ढकल, वर सगळीकडे भाजलेल्या सॉसेजचा धूर. आईनं नाकाला पदर लावला, बोलली काहीच नाही, पण मला कळलं. अर्ध्या तासात आम्ही बाहेर पडलो आणि लेकीसाठी शेजारच्या हान्स झाक्स चौकातल्या मुलांच्या बाजारात गेलो. तिथे दोन मजली मेरी-गो-राउंड आहे जुन्या पद्धतीचं, छोटी आगगाडी आहे, गर्दी असते पण मुलांची असते. आईबाबा बाकावर बसून गरम किंडरपुन्श प्यायले, म्हणजे मुलांसाठीचं, दारू नसलेलं, फळांचा रस आणि मसाले उकळून केलेलं. मोठ्यांना देताना बिचकू नका, तिथे सगळ्या वयाची माणसं घेतात. फक्त मागताना नीट सांगा आणि हातात आल्यावर एकदा वास घेऊन बघा, कारण ग्लूवाईनचा आणि याचा मग एकच असतो. आणि मगाचं डिपॉझिट असतं, त्याला फांड म्हणतात, पेयाच्या किमतीबरोबरच कापून घेतात, मग परत दिला की पैसे परत. आईला तो मग इतका आवडला की आम्ही दोन परत दिलेच नाहीत, तेही चालतं, मग तुमचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, बाजार उघडतो त्याच वेळी गेलो. आणि काय सांगू, वेगळंच गाव होतं. धुकं होतं थोडं, माणसं तुरळक, दुकानदार दिवे लावत होते, आणि पहिल्यांदा मला ती दुकानं दिसली. १८० च्या आसपास लाकडी टपऱ्या, सगळ्यांची छपरं लालपांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाची, एकसारखी. म्हणूनच या बाजाराला लाकूड आणि कापडाचं छोटं गाव म्हणतात. आणि शांतता! स्पीकरवर सारखी गाणी लावायला इथे परवानगी नाही, प्लॅस्टिकच्या हिरव्या माळाही चालत नाहीत, फांद्या लावायच्या तर खऱ्या. मला हे फार पटलं. आपल्याकडे कुठल्याही उत्सवात पहिला स्पीकर येतो, आणि इथे चौकात माणसांच्या बोलण्याचा आवाज ऐकू येत होता, कुठेतरी घोड्यांच्या टापा, कारण जुनी टपालगाडी लोकांना बसवून गल्ल्यांतून फिरवतात.

आई गुडघ्यांमुळे हळू चालते. एका दुकानापाशी दहा मिनिटं. आधी मला घाई होत होती, मग मीच सोडून दिली आणि तिच्याबरोबर थांबायला लागले. एका टपरीत सुकवलेल्या आलुबुखारांच्या बाहुल्या होत्या, हातपाय आलुबुखाराचे तारेत ओवलेले, डोकं अक्रोडाचं, त्यावर रंगवलेलं तोंड, आणि अंगात शिवलेले कपडे, कुणी धुराडं साफ करणारा, कुणी भाजीवाली. त्स्वेच्गेनमेनले म्हणतात त्यांना, इथली फार जुनी वस्तू. आई म्हणाली म्हणजे संक्रांतीला लहान मुलांना हलव्याचे दागिने करतो तसंच की, खायच्या वस्तूचं नटवणं. मी सहा वर्षांत या बाहुल्या किती वेळा बघून पुढे गेले असेन.

बारा वाजता सगळे फ्राउएनकिर्शच्या समोर जमतात. त्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर १५०९ सालचं घड्याळ आहे, रोज दुपारी बाराला त्यातल्या बाहुल्या हलतात. मधे सम्राट चौथा कार्ल बसलेला आणि त्याच्याभोवती सात राजनिर्वाचक तीन फेऱ्या मारतात. १३५६ मधे त्यानं एक मोठा कायदा काढला, सम्राट कोण निवडणार ते सात जण त्यात ठरवून दिले, त्याची ही आठवण. लेक खांद्यावर बसून मोजत होती, एक दोन तीन. बाबांनी टोपी काढली, का कुणास ठाऊक.

पण याच चौकाची दुसरी गोष्टही मी त्यांना सांगितली, कारण ती लपवून हा बाजार दाखवणं मला बरोबर वाटलं नाही. इथे आधी ज्यूंची वस्ती होती. १३४९ मधे त्यांची कत्तल झाली, घरं पाडून चौक मोकळा केला, आणि त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या जागेवर हे चर्च बांधलं, याच सम्राटाच्या काळात, त्याच्या संमतीनं. पुढे नाझींनी १९३३ मधे बाजार थाटामाटात परत या चौकात आणला, चौकाला हिटलरचं नाव होतं तेव्हा. २ जानेवारी १९४५ ला बॉम्बहल्ल्यात जुनं शहर जवळपास सगळं गेलं. आणि १९४८ ला पडक्या घरांच्या मधे बाजार पुन्हा लागला. आई म्हणाली, पडक्या घरांत बाजार? मग बराच वेळ चर्चकडे बघत राहिली. न्यूरेंबर्गचे खटले शाळेत आपण वाचतो ते याच गावात झाले, हे बाबांना माहीत होतं.

आणि एक गोष्ट मी आवर्जून सांगितली. हा बाजार उघडते ती ख्रिस्टकिंड, सोनेरी केसांचा टोप आणि सोनेरी पांढरा पोशाख घातलेली इथलीच एक मुलगी, दर दोन वर्षांनी निवडतात, चर्चच्या गॅलरीतून ती बाजार उघडल्याचं जाहीर करते. २०१९ मधे जी मुलगी निवडली तिचे वडील मूळ भारतीय. त्यावरून एका पक्षाच्या स्थानिक शाखेनं तिच्या दिसण्यावर घाणेरडी पोस्ट टाकली, आणि मग गावच्या गाव तिच्या बाजूनं उभं राहिलं. मी तेव्हा नुकतीच इकडे आले होते. ती बातमी वाचून मला जे वाटलं होतं ते अजून आठवतं.

आता मसाला. बाबा ज्यासाठी आले होते ते. लेबकूखन म्हणजे मध, सुकामेवा आणि मसाले घातलेला चपटा गोल केक म्हणा, बिस्कीट म्हणा. न्यूर्नबर्गभोवती मोठं जंगल, त्यात मधमाशा पाळायचे, म्हणजे मध घरचा, आणि व्यापाराचे रस्ते इथून जायचे म्हणून मसाले व्हेनिसकडून यायचे. त्यातला सगळ्यात भारी प्रकार एलिझनलेबकूखन, त्यात पीठ १० टक्क्यांच्या वर चालत नाही आणि बदाम, हेझलनट, अक्रोड यांपैकी सुकामेवा किमान २५ टक्के लागतो, नियमच आहे तसा. खाली पांढरी पातळ चकती असते, चर्चमधे प्रसादाला देतात तसली, पीठ चिकटू नये म्हणून मठातले लोक त्यावर थापायचे. ती खायचीच असते, काढून टाकू नका.

एका टपरीत त्याचा तयार मसाला सुटा मिळत होता, लेबकूखनगेव्युर्झ. दुकानवाल्या बाईंनी बाबांना डबा उघडून दिला. बाबांनी डोळे मिटले, एक वास घेतला आणि सुरू झाले, मी भाषांतर करतेय आणि बाई मान हलवतायत. दालचिनी. हो. लवंग. हो. वेलदोडा, थोडाच आहे. हो. सुंठ. हो. जायपत्री, जायफळ नाही, जायपत्री. बाईंनी भुवया वर केल्या, बरोबर. मग बाबा थांबले, परत वास घेतला आणि म्हणाले, धने? गोडात धने? हो, धने असतातच. बडीशेपेच्या घरचं काहीतरी, ते म्हणजे अॅनिस. आणि मग एक वास राहिला. तो काही केल्या येईना. चिमूट तळहातावर घेऊन चोळली, जिभेला लावली. म्हणाले कबाबचिनीसारखं आहे पण कबाबचिनी नाही, लवंगेसारखं आहे पण लवंग तर वेगळी आहे यात. चाळीस वर्षं मसाल्यात बसलेला माणूस, त्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल होतं ते मी लहानपणी दुकानात नवीन माल उतरायचा तेव्हा बघायची.

बाईंनी मागच्या बरणीतून काळसर तपकिरी गोल दाणे काढून दिले, मिरीपेक्षा मोठे, गुळगुळीत. पिमेंट. आपण ऑलस्पाइस म्हणतो ते, जमैकाकडचं झाड. बाबा म्हणाले म्हणजे अमेरिकेच्या बाजूचं, मग बरोबर, ते आपल्या वाटेनं आलेलं नाही, मला कसं ओळखू येणार.

हे ऐकून मला इथल्याच गेर्मानिशेस नात्सिओनालमुझेउममधला पृथ्वीचा गोल आठवला. मार्टिन बेहाइम म्हणून इथला माणूस, त्यानं १४९२ च्या सुमारास करवून घेतला, आज जगात शिल्लक असलेल्यांत सगळ्यात जुना. त्याच्यावर भारत आहे, अमेरिका नाहीच, कारण तोवर इथल्या लोकांना ती माहीतच नव्हती. आणि नंतर तेराच वर्षांनी, १५०५ मधे पोर्तुगीजांचा जो मोठा ताफा भारताकडे निघाला, अल्मेईदाला पहिला व्हाइसरॉय करून पाठवला तो, त्यात न्यूर्नबर्गच्या हिर्शफोगेल आणि इमहोफ या घराण्यांनी पैसे घातले होते. मिरीसाठी. बाबांना हॉटेलवर जाताना हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकाच्या गावाला आलो आपण. याच म्युझियममधे १६२८ सालची एक रंगवलेली लाकडी डबी पण आहे, त्यावर ती या बाजारातून भेट पाठवल्याचं लिहिलंय, बाजाराचा सगळ्यात जुना पुरावा तो. वेळ नव्हता म्हणून बघायची राहिली, दोन दिवसांत सगळं होत नाही, तीन ठेवा.

खाण्याचं. आईचा उपवास आणि ती अंडंही खात नाही. नवऱ्यानं तीन छोटी सॉसेजेस पावात घालून मिळतात ती घेतली, द्राय इम वेगला, इथलं प्रसिद्ध खाणं, तो लांब जाऊन खाऊन आला. आईनं भाजलेली चेस्टनट खाल्ली, कागदाच्या पुडीत गरमगरम देतात, सोलल्यावर आत अगदी भाजलेल्या रताळ्यासारखं लागतं, तिनं लगेच उपवासाच्या यादीत घेतलं. साखरेत घोळलेले गरम बदामही चालले. बटाट्याचे किसून तळलेले थालीपीठ असतात, कार्टोफेलपुफर, सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर, पण त्यात बहुतेक वेळा अंडं असतं तेव्हा विचारून घ्या. लेबकूखनमधेही अंड्याचा पांढरा भाग असतो. आई वास घेऊन डबा खाली ठेवत होती ते बघून त्याच बाईंनी मागून दुसरा डबा काढला, व्हेगान, अंडं नाही, दूध नाही. आईनं दोनदा माझ्याकडून विचारून घेतलं. घेतला. उपवास सोडल्यावर खाईन म्हणाली.

आणि निघताना तिनं एका टपरीपाशी मला थांबवलं, तिथे सुरूसारख्या झाडाच्या फांद्यांच्या जुड्या विकायला होत्या, टान्ननबाउमच्या. म्हणाली पूजेला पाच पानं लागतात, इथे आंब्याचा डहाळा कुठून आणू, ह्या चालतील, ताज्या आहेत, हिरव्या आहेत.

रात्री साडेआठला घरी पोचलो. आईनं बूटसुद्धा बाजूला नीट ठेवले नाहीत, हातपाय धुऊन चौरंग मांडला, तांदळावर कलश, कलशात त्या फांद्या, वर नारळ. घरभर तो रानातला वास. पोथी वाचली, लेक मांडीवर झोपून गेली. नैवेद्याला दूध आणि साखर ठेवली आणि शेजारी बशीत तो लेबकूखन. मग उपवास सोडला. पहिला तुकडा बराच वेळ चघळून आई म्हणाली, डिंकाच्या लाडवाच्या घरचं आहे हे, थंडीचं खाणं.

पिमेंटचे दाणे शंभर ग्रॅम घेतले होते, ते बाबा बरोबर घेऊन गेले. जानेवारीत फोन आला, म्हणाले पेठेत तिघांना दाखवले, दोघांनी कबाबचिनी म्हणून सांगितलं, एकानं तर भाव पण सांगितला. मी म्हणलं, चावून बघा आणि मग सांगा.